ड्रॉइंगचा तास आणि दादासाहेब फाळके

सुरुवातीलाच एक कबुली देते. दहावीपर्यंतचं माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माझ्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका हमखास सापडतील. (संपादकांनी त्या सुधारल्या असतील तर त्यांचे आभार, नसतील तर दोष माझा!) तरीसुद्धा हा लेख इंग्रजी विभागाला न देता मराठी विभागाकडे दिला, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते त्र्यंबकेश्वरचे. जे.जे. स्कूलमध्ये शिकलेले, विलायतेला जाऊन आलेले, पण आपल्या धंद्याची सगळी माहिती त्यांनी लोकांसाठी लिहिली ती मराठीत, १९१७-१८ च्या ‘नवयुग’ मासिकात. मग मी कोण इंग्रजीत लिहिणारी!

लेखाचं निमित्त मात्र अगदी घरगुती आहे. माझा धाकटा भाऊ नववीत आहे. त्याची एलिमेंटरी झाली, ‘ए’ ग्रेड मिळाली, आता इंटरमिजिएटची तयारी चालली होती. तेवढ्यात क्लासवाल्यांनी रविवारी सकाळी जादा बॅच काढली आणि ड्रॉइंगचे सरसुद्धा नेमके रविवारी सकाळीच बोलावतात. बाबांचं म्हणणं, ड्रॉइंग बंद. आईचं म्हणणं, दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात, तेवढ्यासाठी तरी करू दे. गुणांचा हिशोब दोघांचाही चालू, फक्त बेरीज वेगळी. शेवटी दोघांनी मला फोन केला, कारण मुलगी इंजिनिअर होणार म्हणजे शिक्षणाच्या बाबतीत घरातलं सुप्रीम कोर्ट! आणि मला फोनवर धड काही सांगता आलं नाही. ततपप झालं. कारण माझंही हेच झालं होतं. आठवीत एलिमेंटरी दिली आणि नववीत इंटरमिजिएट सुटली ती सुटलीच.

तर मित्रमैत्रिणींनो, फोनवर जे बोलता आलं नाही ते इथे लिहिते आहे.

आधी थोडं माझं. पहिल्या वर्षाला ग्राफिक्सच्या शीट्स असतात. सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या होस्टेलवर काचेखाली ट्यूबलाइट लावून जीटी मारण्याचा जो सामुदायिक कार्यक्रम चालतो (सर, मॅडम, एवढं एक वाक्य गाळून वाचावं ही विनंती), त्यात मूळ शीट बहुतेक वेळा माझी असायची. त्यात माझी हुशारी काही नव्हती. पुस्तकात ठोकळ्याचं चित्र दिसलं की तो मला मनातल्या मनात फिरवून वरून, समोरून, बाजूने बघता यायचा, बस्स. मैत्रिणी विचारायच्या, तुला हे दिसतं कसं? मला वाटायचं, सगळ्यांनाच दिसत असेल. ते शाळेतल्या ड्रॉइंगच्या तासाला आलं होतं हे मला फार उशिरा कळलं.

एलिमेंटरीला वस्तुचित्र असतं. टेबलावर बादली, तांब्या, एखादं फडकं, दोन कांदे मांडून ठेवतात. पहिल्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकाने तांब्याचं तोंड गोल काढलं. सर एकेकाच्या मागे उभे राहून म्हणत होते, ते गोल आहे हे तुला माहीत आहे, पण इथून गोल दिसतंय का? नव्हतंच दिसत. लंबवर्तुळ दिसत होतं. जे माहीत आहे ते बाजूला ठेवून जे समोर आहे ते बघायचं, यासाठी आम्हाला सहा महिने लागले. दुसरा पेपर स्मरणचित्राचा. ‘एस.टी. स्टँड’, ‘आठवड्याचा बाजार’ असा काहीतरी विषय देतात आणि समोर काहीच नसतं. पेन्सिल टेकवायच्या आधी कोण कुठे उभं आहे, गाडी कुठून येते आहे, ऊन कुठलं आहे, हे सगळं डोक्यात मांडून घ्यावं लागतं. नाहीतर चित्राच्या मधोमध एक म्हैस येते आणि बाकीच्यांना जागाच उरत नाही. (स्वानुभव!)

आता मुख्य माणसाकडे येते. गेल्या वर्षी आपल्या कॉमन रूममध्ये ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लावला होता. परेश मोकाशींचा हा २००९ चा सिनेमा. बघितला नसेल तर जरूर बघा. सगळ्या जणी खूप हसलो. मी मात्र नंतर लायब्ररीत जाऊन दादासाहेब फाळक्यांचं चरित्र काढलं आणि मेस बंद व्हायची वेळ झाली तरी वाचत बसले. तोपर्यंत मला फाळके म्हणजे एक पुरस्कार एवढंच माहीत होतं.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुलाने पौरोहित्य किंवा शास्त्र यातलंच काहीतरी करायचं असं ते घर. वडिलांना मुंबईत विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवायचं काम मिळालं आणि बिऱ्हाड मुंबईला आलं. मग १८८५ साली हा शास्त्रीबुवांचा मुलगा सर जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. वय वर्षं पंधरा! म्हणजे आजच्या हिशोबाने नववी-दहावी. माझ्या भावाएवढाच. एक वर्ष तिथे रेखाटन शिकला आणि मग मोठ्या भावाबरोबर बडोद्याला गेला.

बडोद्याचं कलाभवन ही आपल्यासारख्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी जागा आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी ते १८९० मध्ये उभं केलं. नाव कलाभवन, पण तिथे चित्रकला, वास्तुकला, रंगाई आणि यंत्रकाम एकाच छपराखाली शिकवत. आज बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची जी इंजिनिअरिंग फॅकल्टी आहे ती याच कलाभवनातून वाढलेली. म्हणजे आर्ट साइड वेगळी आणि आपण वेगळे, ही भिंत तेव्हा नव्हती! धुंडिराज तिथे तैलरंग, जलरंग शिकले, मातीकाम आणि वास्तुकला शिकले, फोटोग्राफी शिकले. १८९२ च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाचं मॉडेल मांडलं आणि त्याला सुवर्णपदक मिळालं. गज्जर सरांनी ब्लॉक बनवणं, तिरंगी छपाई, फोटो-लिथो या गोष्टी शिकायला त्यांना रतलामला पाठवलं आणि परत आल्यावर कलाभवनाचा स्टुडिओ वापरायची परवानगी दिली. विद्यार्थ्याला लॅब उघडी ठेवणारे सर! (याच्यावर मी जास्त काही लिहीत नाही.)

पुढची वीस वर्षं मात्र वाचताना दमायला होतं. १८९५ च्या सुमारास गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा टाकला. १९०० च्या प्लेगमध्ये पत्नी आणि मूल दोन्ही गेले. परत बडोद्याला आले, तर फोटो काढला की आयुष्य कमी होतं अशी लोकांची समजूत, त्यामुळे गिऱ्हाईक नाही. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि स्वतःचे प्रयोग लावले. जादूगाराचं नाव काय, तर प्रोफेसर केळफा! फाळके उलटं वाचा. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं, पत्नी सरस्वतीबाई. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून सरकारी नोकरी मिळाली, तीही स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत सोडून दिली आणि लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्म्यांच्या प्रेससाठी लिथोचं काम केलं. पुढे छापखाना दादरला आला, नवे भागीदार आले, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं घ्यायला जर्मनीला जाऊन आले. धंदा जोरात चालू लागला आणि नेमकं तेव्हाच भागीदारांशी बिनसलं. १९११ मध्ये सगळं सोडून बाहेर पडले, हातात काही न घेता.

आमच्या भाषेत सांगायचं तर एक्केचाळीस वर्षांचा माणूस, बायोडाटा हा एवढा लांब आणि प्लेसमेंट शून्य!

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते मोठ्या मुलाला, भालचंद्रला घेऊन गिरगावात तंबूतला सिनेमा बघायला गेले. जनावरांचा कसलासा खेळ होता. दुसऱ्या दिवशी सगळ्या घराला घेऊन गेले, तर ईस्टरचे दिवस असल्यामुळे त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट लावला होता. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांसमोर राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या असं सगळं हलायला लागलं. पुढे त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे.

हे वाचलं आणि मला हसू आलं. आमच्या शाळेत दरवर्षी गुड फ्रायडेच्या आधी हॉलमध्ये असाच एक ख्रिस्तचरित्राचा सिनेमा दाखवायचे. पहिलीपासून दहावीपर्यंत दहा वेळा बघितला आणि दहाही वेळा माझं लक्ष पुढच्या बाकावरच्या वेण्यांकडे! फाळक्यांनी एकदा बघितला. पण त्यांच्यात आणि बाकीच्या प्रेक्षकांत काय फरक होता? देवभक्त तर सगळेच असतील. माझ्या मते फरक स्मरणचित्राचा होता. समोर एक चित्र चालू असताना मनात दुसरं अख्खं चित्र उभं करायचं, माणसांसकट, कपड्यांसकट, मागच्या डोंगरांसकट. ही सवय त्यांच्या हाताला आणि डोळ्याला पंधराव्या वर्षापासून होती. पडदे रंगवताना, मॉडेल करताना, ब्लॉक बनवताना तीच वाढत गेली. ज्या धंद्यांत ते फसले म्हणून लोक हळहळत होते, ते सगळे धंदे एका सिनेमाला लागतात. रंगवलेले देखावे, फोटोग्राफी, डार्करूम, रसायनं, जादूच्या युक्त्या, नाटकवाल्यांची ओळख. एकही वाया गेलेला नाही.

पण डोळ्यांनीच दगा दिला. रोज तासन् तास सिनेमे बघायचे, रात्री जागून प्रयोग करायचे, झोप जवळजवळ नाहीच. शेवटी दिसेनासं व्हायची वेळ आली. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांनी दृष्टी परत आली आणि गृहस्थ पुन्हा कामाला लागले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ ला लंडनच्या बोटीत बसले. तिथे कोणाची ओळख नव्हती. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या कचेरीत सरळ आत गेले, संपादकांशी ओळख करून घेतली आणि त्यांच्यामार्फत सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओत जाऊन सिनेमाचं काम शिकले. पन्नास पौंडाला विल्यम्सन कॅमेरा घेतला, कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र यांची ऑर्डर दिली आणि १ एप्रिलला परत!

यंत्रसामग्री मे महिन्यात आली. बरोबर आलेल्या आकृत्या वाचून त्यांनी ती चार दिवसांत जोडली. इथे प्रॉडक्शनवाल्यांसाठी एक छोटं गणित. फिल्मला कडेची भोकं पाडलेली नसायची, ती घरी अंधारात पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई करत. एका फुटात १६ फ्रेम, एका फ्रेमला दोन्ही बाजूंची मिळून आठ भोकं, म्हणजे फुटाला १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ ३७०० फूट. गुणाकार करा, ४,७३,६०० भोकं! शिवाय वाया गेलेली फिल्म वेगळी. अंदाज चुकला तर फिल्म कॅमेऱ्यात अडकणार. एवढ्या टॉलरन्सचं काम अंधारात आणि दिवसभराचा स्वयंपाक आटपून. दागिनेही त्यांनीच काढून दिले. उन्हाचा उजेड पात्रांवर पाडायला पांढऱ्या चादरी धरून त्याच उभ्या राहात. दादासाहेबांच्या नावाने पुरस्कार आहे याचा आनंद आहे, पण मला विचाराल तर त्या पदकाच्या एका बाजूला सरस्वतीबाईंचा चेहरा असायला हवा होता.

सिनेमाला पैसे कोण देणार हा प्रश्न होताच. तिथे फाळक्यांनी जे केलं ते मला संपूर्ण चरित्रात सर्वात जास्त आवडलं. भाषण दिलं नाही, प्रोजेक्ट रिपोर्ट दिला नाही. एका कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा ठेवला. रोज थोडं थोडं चित्रीकरण करायचं, असं महिनाभराहून जास्त दिवस. मग ती फिल्म चालवून दाखवली, तर एका मिनिटाच्या आसपास बी रुजून, कोंब फुटून, वेल वर चढलेला! बघणाऱ्यांनी बघितलं आणि पैसे निघाले. ‘अंकुराची वाढ’ असं त्या फिल्मचं नाव. आपल्या डोक्यात जे दिसतंय ते दुसऱ्याला सांगून पटत नाही, दाखवावं लागतं.

आता माझी फजिती सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. सेकंड इयरला गॅदरिंगच्या एकांकिकेसाठी मला नेपथ्यप्रमुख केलं होतं. वाड्याच्या चौकाचा पडदा रंगवायचा होता, वीस फूट बाय बारा. हाताखाली सहा ज्युनिअर मुली. मला पूर्ण वाडा डोळ्यांपुढे दिसत होता, खांबावरच्या नक्षीसकट. आणि म्हणूनच मी कोणालाच ब्रश दिला नाही! एकीला रंग आणायला पाठवलं, एकीला चहा, बाकीच्या बसून होत्या. त्यांची रेघ वाकडी जाईल ही भीती. तिसऱ्या रात्रीनंतर मुली यायच्या बंद झाल्या. पडदा मी एकटीने पूर्ण केला, ओला असतानाच गुंडाळावा लागला, आणि स्टेजवर उलगडला तेव्हा खांबांचा रंग तुळशीवृंदावनाला लागलेला. प्रेक्षकांत बॉइज होस्टेल होतं, त्यामुळे पुढचं वर्णन करत नाही. दुसऱ्या दिवशी त्यातली एक ज्युनिअर मेसमध्ये भेटली. रागावली नव्हती. फक्त म्हणाली, मी शिकायला आले होते हो ताई. ते शब्द अजून जेवताना आठवतात.

आता फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी त्यांच्याकडे होतं कोण? सिनेमात काम केलेला एकही माणूस नव्हता, कारण असा माणूस शोधायचा कुठे? कॅमेरा चालवायला त्र्यंबक तेलंग, त्यांना फाळक्यांनीच शिकवलं. नटांसाठी जाहिरात दिली तर असे असे चेहरे आले की पुढच्या जाहिरातीत कुरूप माणसांनी येऊ नये असं घालावं लागलं. तारामतीसाठी बाई मिळेना. सिनेमात काम करणं म्हणजे अब्रू घालवणं, अशी तेव्हाची समजूत. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात चहा पिताना त्यांना अण्णा साळुंके नावाचा आचारी दिसला. नाजूक बांधा, नाजूक हात. आचाऱ्यात तारामती दिसायला तांब्याच्या तोंडात लंबवर्तुळ बघणारा डोळा लागतो! हॉटेलात दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा दिले. तालमी झाल्या, सगळं जमलं, पण अण्णांनी मिशी काढायला नकार दिला. बाप गेल्यावर मिशी काढायची रीत, बाप जिवंत असताना कशी काढणार? ती समजूतही काढावी लागली. हरिश्चंद्राचं काम दत्तात्रय दाबके यांनी केलं आणि रोहिदासाचं भालचंद्रने.

दादरच्या मथुरा भवनमध्ये, म्हणजे स्वतःच्या बिऱ्हाडातच, सगळी मंडळी एकत्र राहात, सरस्वतीबाईंच्या हातचं जेवत. दिवसा उन्हात चित्रीकरण, रात्री फिल्म धुणं. गोष्ट, देखावे, रंगभूषा, दिग्दर्शन, संकलन सगळं फाळक्यांचं. तरी प्रत्येकाला स्वतः शिकवत, हावभाव करून दाखवत. बाहेर कोणी विचारलं काय करता, तर सांगायला संकोच वाटे. मग त्यांनीच तोड काढली, हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत असं सांगा! सहा महिने सत्तावीस दिवसांत चार रिळं तयार झाली. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी.

आणि तो आचारी! १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम पण साळुंके आणि सीता पण साळुंके. एका माणसातून एवढं काढलं. १९१३ मध्येच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी कामं केली आणि बाईचं काम बाईने करायला सुरुवात झाली. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये कृष्ण म्हणजे फाळक्यांची लहानगी मंदाकिनी. चित्रपटाच्या सुरुवातीला ती नुसत्या चेहऱ्याने एकेक भाव करून दाखवते. ते बघताना मला ड्रॉइंगच्या वहीचं पानच आठवलं, सरावाचं पान असतं तसं. वडिलांनी मुलीला चेहऱ्याचा अभ्यास दिलेला आणि तो गृहपाठ सगळ्या देशाने बघितला!

१९१३ मध्येच फाळक्यांनी कारखाना नाशिकला हलवला होता. १९१४ मध्ये ते चित्रपट घेऊन लंडनला गेले, तिथल्या लोकांनी तोंडात बोटं घातली आणि इथेच राहून चित्रपट काढा असं बोलावणंही आलं. त्यांनी ते घेतलं नाही, नाशिकला आपली माणसं वाट बघत होती. परत आले तर महायुद्ध सुरू झालेलं, पैसा आटलेला.

इथपर्यंतची गोष्ट सांगून थांबले असते तर लेख छान झाला असता. बाबांना पटवायलाही बरा पडला असता. पण पुढचं गाळलं तर ती लबाडी होईल.

१९१८ च्या सुरुवातीला पाच भागीदारांबरोबर ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी’ निघाली. भांडवल त्यांचं, काम फाळक्यांचं. ‘श्रीकृष्ण जन्म’ आला, ‘कालिया मर्दन’ आला, दोन्ही खूप चालले. आणि पुन्हा तेच, छापखान्यात झालं तेच. भागीदार खर्चाचे आकडे मागणार, तारखा मागणार, आणि यांना मनातलं चित्र पूर्ण होईपर्यंत थांबायचं असणार. चूक कोणाची हे शंभर वर्षांनी मी कॉटवर बसून ठरवणं बरं नव्हे. पण मला जाणवलं ते असं की, हाताखालच्या आचाऱ्याला, मुलीला, मित्राला ते आपलं चित्र दाखवू शकले आणि बरोबरीने टेबलाशी बसलेल्या माणसाला नाही. त्याच्या हातात ब्रश द्यायला त्यांचं मन होईना. (मी माझा पडदा आठवते आहे.) ते कंपनी सोडून काशीला जाऊन राहिले आणि तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. ते नाटक फारसं चाललं नाही. १९२२ मध्ये पुन्हा त्याच कंपनीत परत आले, पण पहिला जोर राहिला नव्हता.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि सिनेमा बोलू लागला. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ त्याच सुमारास मूकपट म्हणून तयार झाला आणि त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘गंगावतरण’ हा त्यांचा पहिला आणि शेवटचा बोलपट. वय सदुसष्ट. त्यानंतर नाशिक. ज्या धंद्याला त्यांनी जन्म दिला तो मुंबई-पुणे-कोल्हापुरात वाढत होता आणि ते स्वतः बाजूला पडले होते. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकलाच ते गेले. सरकारी पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये. ‘राजा हरिश्चंद्र’चे आज जे भाग बघायला मिळतात, ते १९१७ मध्ये त्यांनी पुन्हा काढलेल्या आवृत्तीचे असावेत असं अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे पहिलं चित्र गेलं, पुन्हा काढलेलं थोडंसं उरलं.

यातलं बाबांना काय सांगू? ड्रॉइंग शिकलं की मुलगा फाळके होतो असं मी सांगणार नाही. भाऊ वाटाण्याची उसळ समोर आली तरी ताट सरकवतो. आणि जे फाळके झाले त्यांचंही सगळं काही गोड झालं नाही. पण रविवारच्या जादा बॅचला जे प्रश्न सोडवून घेतात त्यांची उत्तरं पाठीमागच्या पानावर छापलेली असतात. ड्रॉइंगच्या कागदाला पाठीमागे काहीच नसतं. कोरा कागद समोर घेऊन पहिली रेघ कुठे टाकायची हे आपण ठरवायचं, चुकली तर खोडून पुन्हा ठरवायचं, याची सवय मला फक्त त्या एका तासाला लागली. ग्राफिक्समध्ये तीच उपयोगी पडली. ती नववीत अर्धवट राहिली याची रुखरुख इंटरमिजिएटच्या सर्टिफिकेटसाठी नाही. सरांचं पुढच्या वर्षी ग्रुपने मोठं चित्र करायचं ठरलं होतं, सहा जणांत एक. ते वर्ष मिळालं असतं तर कदाचित तो वाड्याचा पडदा एवढा बिघडला नसता.

यंदा नेपथ्य पुन्हा माझ्याकडे आलं आहे. या वेळी पडद्याआधी एक छोटं मॉडेल केलं, पुठ्ठ्याचं, चहाच्या ट्रेवर मावेल एवढं. ते मध्ये ठेवलं आणि सगळ्या जणी भोवती बसलो. ती मेसमधली ज्युनिअर आता सेकंड इयरला आहे. डावीकडचा अर्धा पडदा तिचा. काल रात्री तिने एक खांब माझ्या मॉडेलपेक्षा चांगलाच बारीक काढला. मी ब्रश उचलला होता. मग खाली ठेवला आणि चहा आणायला गेले.

भावासाठी माझा जुना ड्रॉइंग बोर्ड, पोस्टर कलरची पेटी आणि आठवीतली स्मरणचित्रांची वही (म्हशीसकट) साताऱ्याला जाणाऱ्या मैत्रिणीबरोबर पाठवून दिली. वहीत बाबांसाठी एक चिठ्ठी ठेवली आहे. सामान परवा पोचलं. भावाचा मेसेज आला, म्हैस छान आहे. बाबांचा फोन अजून आलेला नाही. रविवार उद्या आहे.